खांबाजवळचा सूर

परेशने स्क्रीनवरचा फोटो मोठा केला, मग आणखी मोठा केला आणि मान न वळवताच विचारलं, "आंटी, हाताखाली नवीन मुलगा घेतलाय का?"

जोआनाला प्रश्न लगेच कळला नाही. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला, एका मिठाईच्या दुकानामागच्या गाळ्यात परेशची फोटो छापायची लॅब होती. तिथल्या त्याच उंच स्टुलावर बसून तिने आजवर अर्ध्या वसईची लग्नं निवडली होती. म्हणजे लग्नांचे फोटो. पण परेश तसंच म्हणायचा, आंटी, आज कुणाचं लग्न निवडायचं. आज टिफनीचं होतं. स्क्रीनवर टिफनीचा हात होता, नवरदेवाची बोटं होती, आणि त्यांच्यामधे जिथे अंगठी असायला हवी होती तिथे एक पिवळी रेघ होती.

"चर्चमधले बरेच असे हललेत," परेश म्हणाला. "अंगठीचे, वेदीपुढचे, आईला मिठी मारतानाचे. हॉलमधले मात्र एकदम कडक. ते तुमचे, बघितल्यावर कळतं. चर्च त्या मुलाला दिलं होतं ना?"

"हो," जोआना म्हणाली. "नवा आहे. शिकेल."

खोटं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. शब्द तोंडातून गेले आणि गेल्यावर इतके स्वाभाविक वाटले की ती परेशबरोबर पुढचे फोटो बघत राहिली, त्या नसलेल्या मुलाच्या चुकांना मान हलवत राहिली. बाहेर आल्यावर रिक्षांच्या रांगेत उभी असताना तिला कानशिलं गरम झालेली जाणवली. वीस-बावीस वर्षांत कुणी तिच्या फोटोला हललेला म्हटलं नव्हतं. बायका लग्नात फोटो काढत नसत तेव्हापासून ती काढत आली होती. सुरुवातीला लोक विचारायचे, फोटोग्राफर कुठेय, आणि ती म्हणायची, ही काय. आता कुणी विचारत नव्हतं. निर्मळपासून पापडीपर्यंत जोआना तुस्कानो म्हटलं की झालं. आणि आज परेशने तिच्याच फोटोंचे दोन ढीग केले होते, एक तिचा आणि एक कुणा परक्याचा, आणि तिने तो परका मान्य केला होता. रिक्षात तिघांमधे अंग चोरून बसताना तिने उजवा हात मांडीवर ठेवला. मांडीवर तो अगदी शांत होता. शेजारच्या बाईच्या पिशवीतल्या पालेभाजीच्या जुड्या हलत होत्या, ड्रायव्हरचा आरसा हलत होता, पण हात नाही. काम नसलं की तो असाच गरीब असे. काहीतरी उचलायला घेतलं की मात्र त्याच्यात दुसऱ्याच कुणाचं तरी मन शिरे.

ईस्टरच्या सुमाराला सुरू झालं होतं. आधी सुईत दोरा जाईना, मग चमच्यातलं सार ताटात पडू लागलं, आणि मग एका बारशाला, म्हणजे बाप्तिस्म्याला, कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघताना फादरांचा हात आणि बाळाचं कपाळ सारखं चौकटीच्या एका कडेकडून दुसरीकडे जाऊ लागलं, होडीत बसून किनारा बघावा तसं. तिला वाटलं दमले. मग वाटलं चहा कमी करावा. मोठी लेन्स जड म्हणून ती कपाटात ठेवून दिली. लेन्समधे हाताचा कंप सांभाळून घेणारं यंत्र असतं, त्याच्या भरवशावर महिने काढले. पण ते थोडा हात सांभाळतं, सगळा नाही. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून शटर जलद केलं, तर चर्चच्या मंद उजेडात नवरीच्या गालांवर वाळू उधळल्यासारखे दाणे आले. फ्लॅश चर्चमधे चालत नाही, आणि आता लोकांनाही नको असतो. सगळ्यांना खिडकीतून येणारा उजेड हवा असतो, आपण बघत नसताना काढलेले फोटो हवे असतात. ती तेही शिकली होती. ज्या उजेडात चालायला तिने स्वतःला वळवलं, त्याच उजेडात तिचा हात उघडा पडला होता.

वसईतल्या डॉक्टरांनी तिला कागदावर शंखासारखा गोल काढायला लावला. तो कागद बघून ते हसले नाहीत की गंभीरही झाले नाहीत. म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, मोठा आजार नाही हा, नुसता कंप आहे. पण जायचा नाही, हळूहळू वाढेल. गोळीने थोडा कमी होईल. आणि मग, घरात कुणाला होता का? नाही, असं जोआनाने सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. आज रिक्षा निर्मळच्या तलावाला वळसा घालत असताना, का कोण जाणे, परेशचा तो प्रश्न डोक्यात घोळत असताना, तिला पप्पा आठवले. पप्पा बशी कधी उचलत नसत. चहा बशीत ओतून बशी टेबलावरच राहू देत आणि स्वतः तिच्यापर्यंत वाकत. मुलं हसायची, पप्पा मांजरासारखे पितात म्हणायची, आणि पप्पाही हसायचे. एकदा तर त्यांनी म्यांवही केलं होतं. लुईस तुस्कानो लग्नांच्या बँडमधे क्लॅरिनेट वाजवायचे. नवरीला घरातून चर्चकडे नेताना बँडच्या पुढे ते असायचे, आणि त्यांचा सूर केळीच्या वाड्या ओलांडून पलीकडच्या आळीत ऐकू जायचा. जोआना दहाएक वर्षांची असताना एका लग्नाहून ते लवकर परतले. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून त्यांनी पेटीत ठेवले, प्रत्येक तुकडा फडक्याने पुसून, आणि आईला सांगितलं, कंटाळा आला. त्यानंतर त्यांनी पानवेली लावल्या, दुधी लावला, आणि लग्नांना ते बँड वाजून झाल्यावर, थेट जेवायलाच जाऊ लागले. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, पुरे झालं वाजवणं. इतकी वर्षं तिने ते वाक्य तसंच धरून ठेवलं होतं: पप्पांना कंटाळा आला. आता रिक्षाच्या धक्क्यात तिला तो माणूस दिसला, भोकांवर बोटं ठेवणारा, आणि बोटं राहत नाहीत म्हणून वरात सोडून मधूनच घरी निघून आलेला, ज्याने हे बायकोलाही सांगितलं नाही. लोकांना हसू दिलं, पण कळू दिलं नाही.

घरी तिचा नवरा जेन्सन सोनचाफ्याला पाणी देत होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याने अंगणात चाफ्याची रांग लावली होती आणि प्रत्येक झाडाशी तो घरच्या बोलीत बोलायचा. त्याने हात धुतले, चहा ठेवला आणि तिच्यापुढे कप आणला. कप अर्धा होता. जोआना त्याच्याकडे बघत राहिली. कालचाही अर्धाच होता. परवाचाही.

"अर्धाच का भरतोस?" तिने विचारलं.

"गरम असतो."

"जेन्सन."

तो खुर्चीत बसला. "सांडलं की तुला वाईट वाटतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू सांगशील तेव्हा सांगशील."

तिला राग यायला हवा होता, थोडा आलाही. इतके दिवस आपण लपवतो आहोत असं समजून ती त्या अर्ध्या कपांमागे लपून बसली होती. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी सैल होत गेलं. ती म्हणाली, "पप्पांनाही होता. मला आज कळलं." जेन्सनने मान डोलावली, जणू तिने शेजारच्या कुणाची बातमी सांगितली होती, आणि विचारलं, "आज विरारला जायचंय ना? खो-खोवाल्यांकडे?"

तेच तर होतं. विरारच्या एका खो-खो मंडळाचे प्रशिक्षक चंद्रहास सर गणपतीच्या सुमाराला भेटले होते. त्यांना खांबाजवळ सूर मारणाऱ्या मुलीचा एक फोटो हवा होता, मंडळाच्या नव्या खोलीच्या भिंतीवर लावायला, भिंतभर. तेव्हा जोआना हो म्हणाली होती. नंतर दोनदा तारीख पुढे ढकलली होती. आता नाही म्हणायचं होतं आणि फोनवर नाही म्हणायला जीभ रेटेना. समोर जाऊन सांगते, ती म्हणाली, दुसऱ्या कुणाचं नाव देते. तरी निघताना तिने सवयीने कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली. बॅगेत हॉलमधल्या लग्नांना लागणारे दोन फ्लॅश होते, त्यांचे घडीचे स्टँड, आणि छोटी, हलकी लेन्स. मोठी कपाटातच राहिली. विरारची रिक्षा बोळिंजच्या इमारतींमधून जात होती. कठड्यांवर वाळत घातलेले कपडे, क्लासच्या पाट्या, दप्तरं लावून कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या मुली. काय सांगायचं ते ती जुळवत होती. वेळ नाही म्हणावं, की कंटाळा आला म्हणावं. दुसरा शब्द मनात आला आणि तिने बाहेर बघितलं.

मैदान मातीचं होतं, पाणी मारून दाबलेलं. सूर्य इमारतींमागे गेला होता आणि डिसेंबरचा उजेड भराभर उतरत होता. दोन टोकांना दोन लाकडी खांब, मधे ओळीने बसलेल्या मुली, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. एका बाजूला बांबूवर एक दिवा. चंद्रहास सर शिट्टी गळ्यात अडकवून पुढे आले, म्हणाले, या या मॅडम, पोरी कधीच्या वाट बघताहेत. आणि मग क्षितिजाला बोलावलं. सडपातळ, सावळी, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेली, कोपरावर ताजं खरचटलेलं. बारावीत होती. खांबाला वळसा घालून निसटणाऱ्या मुलीला पकडायला ती शेवटच्या दोन पावलांत जमीन सोडायची, एक हात खांबाशी आणि दुसरा पुढे फेकून. सर म्हणाले, हिच्यासारखा सूर जिल्ह्यात कुणाचा नाही.

"आंटी, आईला दाखवायचाय," क्षितिजा म्हणाली. "ती कामावरून येते तेव्हा आमची प्रॅक्टिस संपलेली असते. रोज विचारते, काय करतेस तिथे, कपडे का फाटतात. मैत्रिणींनी मोबाईलवर काढलाय, पण त्यात मी दिसतच नाही. नुसता पट्टा दिसतो."

नाही म्हणायचं ते तिथेच म्हणायला हवं होतं. जोआनाने तोंडही उघडलं. पण पट्टा हा शब्द तिच्या आत कुठेतरी जाऊन लागला. सकाळची पिवळी रेघ होती तिथेच. "खांब बघू दे," ती म्हणाली, आणि स्वतःलाच नवल वाटलं.

काम करायला लागल्यावर विचार मागे पडतो, तसा पडला. फ्लॅश मुलीच्या डोळ्यात जाता कामा नये, म्हणून एक खांबाच्या मागून तिरका, दुसरा बाजूने, दोन्ही स्टँडवर आणि दोन्ही जवळ. त्यांची ताकद तिने अगदी कमी केली. फ्लॅशची ताकद जितकी कमी तितकी त्याची झळक आखूड, हे तिला कधीपासून माहीत होतं. भर ताकदीने उडवला तर तो जरा रेंगाळतो, आणि रेंगाळणारा उजेड धावत्या माणसाला शेपूट लावतो. लेन्सचं तोंड बारीक केलं. फोकस यंत्रावर न सोडता हाताने खांबाशेजारच्या हवेत, जिथे मुलगी येईल तिथे, नेऊन ठेवला. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढला. तो पूर्ण काळा आला, दिव्याचा एक ठिपकाही त्यात नव्हता, आणि तिला तेच हवं होतं: मैदानावरच्या उजेडाने फोटोत काही लिहायला नको. मग फ्लॅश लावून नुसत्या खांबाचा एक फोटो. कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा हात नेहमीपेक्षा वाईट होता. बघणाऱ्या मुली होत्या, थंडी होती. खिडकीत खांब थरथरत होता, उजवीकडे, डावीकडे, जणू कुणी तो मुळापासून हलवत होतं. तिने बटण दाबलं आणि सवयीने फोटो मोठा केला, हललेला किती ते बघायला.

खांबाच्या लाकडावर रेषा होत्या. उभ्या, केसासारख्या. एका ठिकाणी रंगाचा पापुद्रा सुटला होता आणि त्याच्या कडेची सावलीसुद्धा दिसत होती. मातीचा एक कण लाकडाला चिकटलेला. जोआनाने आणखी मोठा केला. कण तसाच राहिला, टोकदार. ती तिथेच ओल्या मातीवर बसली. हे तिला माहीत होतं. किती नवख्यांना तिने शिकवलं होतं, की अंधारात शटर नुसतं दार आहे, फोटो काढतो तो फ्लॅश. दार कितीही वेळ उघडं राहू दे, आत येतो तो तेवढाच क्षण. नाचणाऱ्या नवरदेवाचा उडालेला कोट, उधळलेले तांदळाचे दाणे, फसफसून वर गेलेला शँपेनचा फेस, सगळं तिने असंच धरलं होतं. पण तिच्या मनात धावणारं, उडणारं ते नेहमी समोरचं होतं. त्या क्षणात आपला स्वतःचा हातही थांबतो हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण तो थांबवण्याची गरजच पडली नव्हती. मग टिफनीचे हॉलमधले फोटो. ते फ्लॅशवर काढलेले, म्हणून कडक आले होते. हात तोच होता, दिवसही तोच. परेशने केलेले दोन ढीग दोन माणसांचे नव्हते, दोन उजेडांचे होते. तिला हसू आवरेना. सर लांबून म्हणाले, "काय झालं मॅडम?" ती म्हणाली, "काही नाही. सोडा तिला."

पहिल्यांदा चौकटीत नुसता हात आला. दुसऱ्यांदा नुसते पाय, मातीत उमटलेल्या ठशासारखे नेटके. पाय कितीही स्वच्छ आले तरी ते पायच. जोआनाने कॅमेऱ्याशी भांडण केलं नाही. तिला कळत होतं काय चुकतंय. ती मुलगी दिसल्यावर दाबत होती. दिसल्यावर दाबलं की ती गेलेली असते. बोटापर्यंत निरोप जाईपर्यंत सूर संपून मुलगी मातीवर घसरलेली असते. तिसऱ्या वेळी तिने डोळ्यावरचा भरवसा सोडला आणि कान दिला. मागे कुणीतरी "खो" म्हटलं, क्षितिजाचे पाय उठले, मातीवर त्यांचा ताल वाढत गेला, आणि जोआनाला तो ताल ओळखीचा वाटला, लग्नाच्या वरातीत बँडच्या शेजारून चालताना अंगात भिनतो तसा. कुठल्या ठोक्यावर सूर उठणार ते आधी कळतं. दोन पावलं लांब झाली. तिने दाबलं. कॅमेऱ्याच्या आतला आरसा वर गेला आणि खिडकी काळी झाली, म्हणजे नेमका तो क्षण तिला दिसलाच नाही. तो कधीच दिसत नाही. फक्त दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा लखलखाट झाला आणि धपकन अंग पडल्याचा आवाज आला. क्षितिजा हसत उठली. पकडलेली मुलगी म्हणाली, आज जास्तच लांबून सूर मारलास.

जोआनाने स्क्रीन पेटवला. काळ्या आकाशासारख्या अंधारात क्षितिजा आडवी होती, जमिनीपासून सगळी सुटलेली. डावा तळवा खांबाला जेमतेम टेकलेला, उजवा हात पुढे, आणि त्याची बोटं समोरच्या मुलीच्या पाठीपासून एका फुलाच्या अंतरावर. वेणी सरळ मागे. गुडघ्याच्या पट्टीतून सुटलेला धागा हवेत वळलेला. पायाच्या अंगठ्याने उडवलेली माती, तिचा प्रत्येक कण वेगळा, मागच्या उजेडाने कडेला सोनेरी झालेला. आणि चेहरा. जोआनाला वाटलं होतं तिथे ताण असेल, दात आवळलेले असतील. तसं काही नव्हतं. ती मुलगी हवेत शांत होती, उशीवर डोकं ठेवल्यासारखी. जोआना त्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, पप्पा आज असते तर त्यांना सांगितलं असतं, वाट आहे. वाजवायची नसेल ती, पण वाट आहे. नंतर तेही मागे पडलं, कारण मुलींचा गराडा पडला होता, एकीची हनुवटी तिच्या खांद्यावर, दुसरी कोपराखालून वाकून बघणारी. घामाचा आणि ओल्या मातीचा वास.

"ही मी?" क्षितिजा म्हणाली. तिने स्क्रीनवरच्या आपल्या वेणीवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाली, "आई गप्पच बसेल बघून."

कॅमेरा त्यांच्यापुढे धरताना जोआनाचा हात जोरात कापत होता. स्क्रीन सगळ्यांच्या नाकासमोर नाचत होता. एका मुलीने तो धरायला हात पुढे केला आणि थबकली. "आंटी, तुमचा हात..."

"कापतो," जोआना म्हणाली. "आठ-नऊ महिने झाले. असाच राहणार आहे, डॉक्टर म्हणालेत." वाक्य किती सोपं निघालं याचं तिला आश्चर्य वाटलं. कुणी श्वास रोखला नाही, कुणी अरेरे केलं नाही. चंद्रहास सरांनी एकदा हाताकडे बघितलं, एकदा फोटोकडे, आणि शिट्टी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग फोटो कसा नाही हलला?" क्षितिजाने विचारलं.

"फ्लॅश इतका पटकन उडतो की माझ्या हाताला हलायला वेळच मिळत नाही."

मुलीने हे नीट ऐकून घेतलं, खेळातला एखादा डाव समजून घ्यावा तसं, आणि पटल्यासारखी मान हलवली. जोआनाच्या मनात आता पुढची गणितं चालू झाली होती. चर्चमधे फ्लॅश चालणार नाही, मग चर्चचं काम दुसऱ्या कुणाला, खरोखरीच्या माणसाला, आणि तसं नवरीला आधी तोंडावर सांगून. हॉल तिचा. अंगणातला नाच तिचा, वरात तिची. आणि हे मैदान, ही पळणारी, उडणारी, पडणारी माणसं, ज्यांचे फोटो इथे कुणी धड काढलेलेच नाहीत, ती सगळी तिची. परेशला उद्या सांगायचं होतं की मुलगा वगैरे कुणी नाही. ते सांगताना कसं वाटेल याची तिला थोडी उत्सुकताच होती.

"चला मग, झालं ना काम?" सर म्हणाले. "पोरींना घरी जायचंय."

"नाही झालं," जोआना म्हणाली. ती आधीच एक स्टँड उचलून खांबाच्या पलीकडे नेत होती. "हा बाजूने आला. मला समोरून हवाय, माझ्या अंगावर येणारा. क्षितिजा, दम आहे का अजून?"

क्षितिजा उत्तर द्यायला थांबली नाही. कोपराची माती झटकत ती ओळीत आपल्या जागी जाऊन बसली, पाठ ताठ, बोटं जमिनीला टेकवून. जोआना खांबासमोर पोटावर आडवी झाली. गार ओल सदऱ्यातून पोटाला लागली. कोपरं मातीत रुतवून तिने कॅमेरा उचलला, हात त्याला हवा तसा कापू दिला, आणि अंधारात कान लावून ती खो ऐकू येण्याची वाट बघू लागली.